हिरवी तार

गाडी मिस्त्रीने स्वतः बांधली होती आणि तिच्यात एक खोट राहून गेली होती. आत दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाऊ शकत नव्हती. एकाने बाकावर टेकायचं, मग दुसऱ्याने सरकायचं. बायको शेजारपाजारी सांगत सुटली होती, "नवऱ्याने घर बांधून दिलंय, पण त्यात मी उभं राहायचं नाही अशी अट आहे."

मूळची ती फिरत्या दवाखान्याची गाडी. दवाखाना बंद पडला, गाडी भंगारात निघाली आणि मिस्त्री ती घरी घेऊन आला. तीन वर्षं तो तिच्यात घुसून बसला होता. जिथे औषधं ठेवायचे तिथे शेगडी आली, जिथे रोगी आडवा करायचे तिथे घडीचा पलंग आला. टपावर पाण्याची टाकी, खाली सांडपाण्याची. कपाटाच्या प्रत्येक दाराला खटका, नाहीतर वळणावर ताटल्या डोक्यात यायच्या. सगळं चोख. त्याच्या हाताला वाकडं काम ठाऊकच नव्हतं. पडदे तेवढे त्याच्या मनाविरुद्ध लागले होते.

पडदे शिंपीणबाईने शिवले होते. बायकोनेच कापड नेऊन दिलं होतं. अठरा वर्षं घरातला प्रत्येक अभ्रा, प्रत्येक सदरा त्याच बाईकडे शिवायला जात होता. बाईची शिलाई दिवसेंदिवस नागमोडी होत चालली होती, तरी जात होता. कारण शिंपीणबाईला डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. तो पाय एका लिफ्टने नेला होता, आणि त्या लिफ्टची दुरुस्ती मिस्त्रीने केली होती.

चूक त्याचीच, असं चौकशीचा कागद म्हणत होता. गल्ली म्हणत होती. गल्लीला काय, ती काहीही म्हणते. पण बायकोही तसंच मानत होती, आणि मिस्त्रीचं सगळं आयुष्य तिथे अडून बसलं होतं.

हे नीट सांगायला हवं, कारण रोज लिफ्टने वरखाली करणाऱ्याला ती कशी चालते याचा पत्ता नसतो. दार उघडं असलं तर लिफ्ट हलत नाही. दाराच्या चौकटीत वीज जोडणारा एक तुकडा असतो, दार पुरतं मिटलं की वीज पुढे सरकते. दुरुस्तीच्या वेळी मात्र दार उघडं ठेवून लिफ्ट हलवावी लागते. मग मिस्त्री लोक त्या तुकड्याला बगल देतात. वीतभर तार, दोन टोकांना दोन चिमटे. तिला जंपर म्हणतात. काम झालं की जंपर काढायचा. राहिला तर दार सताड उघडं असतानाही लिफ्ट निघते, आणि दारात कोण उभं आहे ते ती बघत नाही.

म्हणून त्या लोकांत एक रीत होती. ज्याचे जंपर त्याने स्वतः बनवायचे, प्रत्येकाचा रंग वेगळा. मिस्त्रीचा हिरवा. त्याच्या जोडीदाराला लांब मानेमुळे सगळे उंट म्हणायचे, त्याचा पिवळा. दुसऱ्याचा जंपर लावायचा नाही, कारण आपली वस्तू आपल्याला आठवते, परक्याची आठवत नाही. काम संपलं की दोघांनी समोरासमोर उभं राहून तळहात उघडायचे. "माझे तीन." "माझेही तीन." मगच मेन स्विच चालू.

त्या दिवशी उंट आपली हत्यारांची पिशवी दुसऱ्या इमारतीत विसरून आला. मिस्त्री वर मशीनच्या खोलीत, उंट खाली दारांवर. "दे रे एक तुझा," उंट म्हणाला, आणि मिस्त्रीने दिला. काम संपल्यावर मिस्त्रीने तळहात उघडला. "माझे दोन. एक तुझ्याकडे." उंटाने खिशावर थाप मारली. "आहे." खिशात खुळखुळलंही काहीतरी. ते स्क्रू होते. उंटाच्या स्वतःच्या तारा पिशवीत होत्या, म्हणजे त्याच्या हिशेबी त्याचं काहीच राहिलं नव्हतं. मिस्त्रीच्या हिशेबी दोन आणि एक तीन. दोघांचीही मोजणी बरोबर आली. "खिसा नको वाजवू, तळहात उघड," असं मिस्त्री म्हणाला नाही. सव्वीस वर्षांची दोस्ती. मित्राचा तळहात कोण तपासतो?

तिसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावर शिंपीणबाई कापडाचं गाठोडं छातीशी धरून लिफ्टमध्ये पाऊल टाकत होती.

दारावर हिरवी तार सापडली. चौकशीत उंटाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी त्या दिवशी दारांकडे फिरकलोच नाही." एकच वाक्य. मिस्त्री घसा फोडून सांगत राहिला की तार मी दिली होती. चौकशीवाल्याने घड्याळ बघितलं. परवाना गेला. उंट वर्षभरात सुपरवायझर झाला.

आणि निकालाच्या दिवशी हाच उंट मिस्त्रीच्या घरी येऊन ढसाढसा रडला. मिस्त्री म्हणाला, "रडतोस काय? खरं सांग हिला." उंट आणखी मोठ्याने रडला. बायकोने उंटाला पाणी दिलं आणि नवऱ्याला आत नेऊन समजावलं. "मित्रावर ढकलू नका हो. होते चूक माणसाकडून. मी आहे ना."

तिने त्याला माफ केलं. तिथल्या तिथे, एका दमात. न केलेल्या गुन्ह्याची माफी अशी चिकटते की खरवडून निघत नाही. ती हॉटेलच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायला लागली. तो जाळ्या वेल्ड करत हिंडला, नंतर शाळेच्या फाटकावर बसला. अठरा वर्षांत तिने एकदाही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

"अहो, मुरंब्याची बरणी पडत तर नाही ना मागे?" बायकोने विचारलं. गाडी उंटाच्या घराकडे निघाली होती आणि ती शेजारच्या सीटवर नकाशा उलटा धरून बसली होती.

"खटका आहे."

"भाऊजींना आवडतो म्हणून म्हटलं. फुटली तर तोंड दाखवायला जागा नाही."

"त्याला काहीही आवडतं. त्याला दगड वाढला तरी तो परत मागेल."

"झालं सुरू. बाई गं, मी आशेने निघाले होते." तिने नकाशा सुलटा केला. "एक विचारू? नऊ वर्षं झाली त्यांना तळ्याकाठी राहायला जाऊन. नऊ वर्षं बोलावतायत. तुम्हाला वेळ नव्हता. आणि या खेपेला मी नुसतं म्हटलं तर तुम्ही लगेच टाकी भरायला घेतलीत!"

"गाडी तयार नव्हती आतापर्यंत."

"आगगाडी जाते की तिथपर्यंत."

"आगगाडीत तू सगळ्यांशी बोलत बसतेस. लोक उतरायचं विसरतात."

ती खळखळून हसली. हसली की ती अजून चाळिशीची दिसायची. या बाईवर मिस्त्रीचा जीव होता. म्हणून तर हे सगळं एवढं सलत होतं. गल्लीने काहीही मानावं, शिंपीणबाईने मरेपर्यंत शिव्या द्याव्यात, ते त्याने गिळलं होतं. पण रात्रंदिवस शेजारी वावरणारी बाई आपल्याकडे बघते तेव्हा तिला एका बाईचा पाय तोडणारा माणूस दिसतो आणि तरीही ती त्याच्या चहात साखर घालते, हे त्याला गिळता येत नव्हतं.

त्याने ठरवलं होतं. चौसष्ट वर्षं सरली. आता पुढे किती आहेत? उंटाने तिच्यासमोर, त्याच तोंडाने, एक वाक्य बोलायचं. परवाना नको, भरपाई नको, पायाही पडायला नको. एक वाक्य, आणि ते तिने ऐकायचं. बाकी तळं कसं आहे न् हवा कशी आहे, त्याला काही देणंघेणं नव्हतं.

गाव अकराच्या सुमाराला आलं. एकच लांब रस्ता, त्याच्या एका अंगाला दुकानं, दुसऱ्या अंगाला तळं. मोसम संपलेला. आइस्क्रीमच्या दुकानाला फळ्या मारलेल्या, होड्या काठावर पालथ्या पडलेल्या, आणि तळं पत्र्यासारखं करडं पसरलेलं. माणसं इथे म्हातारपणी येतात ती बहुधा याच रंगासाठी. त्यात काही सापडत नाही आणि काही शोधावंही लागत नाही.

उंटाचं घर दुमजली, काठावरच. मिस्त्रीने गाडी आवारात घेतली, चाकांखाली लाकडाचे ठोकळे सरकवले आणि पाण्याच्या पातळीची नळी लावून गाडी समतल आहे का ते बघायला लागला. तेवढ्यात उंट बाहेर आला. मान तेवढीच लांब, फक्त आता पुढे वाकलेली.

"आलास का रे भंगारवाल्या! आणि हे काय, मयताची गाडी घेऊन आलास?"

"दवाखान्याची आहे."

"म्हणजे मयताच्या आधीची!" उंट स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला. "वहिनी, या बाबाने तुम्हाला यात कोंबून आणलं? अहो, पोलिसांत तक्रार द्यायची!"

"कशी देणार, भाऊजी? खाली उतरायचं तर आधी यांनी बसायला हवं," बायको म्हणाली, आणि दोघं टाळी दिल्यासारखे हसले. तिने मुरंब्याची बरणी उंटाच्या हातात ठेवली. मिस्त्री नळीतल्या पाण्याकडे बघत राहिला.

वरच्या सज्जातून हाक आली. "भाऊजी! देवासारखे आलात हो! चार दिवस मी इथे टांगून पडलेय!"

उंटाची बायको चाकाच्या खुर्चीत होती. दोन्ही खुबे गेलेले. तिच्यासाठी घरात लिफ्ट बसवून घेतलेली, एका माणसापुरती, आणि ती चार दिवसांपासून बंद. बसवणारे म्हणाले होते, पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो.

"तू स्वतः नाही बघितलीस?" मिस्त्रीने विचारलं.

उंट कसनुसा हसला. "माझे हात आता कागदाला सरावलेत रे. इतकी वर्षं नुसत्या सह्या केल्या. तू बघतोस का जरा?"

ज्या माणसाच्या एका वाक्याने परवाना गेला, तोच माणूस त्याला लिफ्ट दुरुस्त करायला सांगत होता, आणि त्याच्या आवाजात कसलीही अडचण नव्हती. मिस्त्रीने बायकोकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. केवढा विश्वास ठेवतायत बघा भाऊजी तुमच्यावर, असं ते डोळे म्हणत होते. मिस्त्रीने पेटी उचलली आणि आत गेला.

बायको जिन्याने वर गेली, उंटाच्या बायकोशी गप्पा मारायला. खाली दोघंच राहिले. मिस्त्रीने दाराची पट्टी उघडली. बिघाड शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. दाराचा तोच तुकडा. काजळी धरली होती, दार मिटलं तरी लिफ्टला ते उघडंच वाटत होतं. खात्री करायला जंपर लावून बघायला हवा होता. उंट जिन्याखालच्या खोक्यातून पिवळी तार घेऊन आला.

"माझी आहे माझ्याकडे," मिस्त्री म्हणाला. पेटीतून त्याने हिरवी काढली. धंदा गेला तरी तो त्या बनवत होता. चिमटे गंजले की नवे लावत होता.

उंटाने ती तार बघितली. पिवळी हळूच खिशात घातली.

"अजून हिरवीच?"

"रंग का बदलू? मी काय केलं होतं?"

वरून बायकांचं हसणं येत होतं. मिस्त्रीने चिमटे लावले, बटण दाबलं, लिफ्ट हातभर उचलली गेली आणि थांबली. तो मान न वळवता म्हणाला, "उंटा, त्या दिवशी दारांवर तू होतास."

"होतो की."

असं. मीठ दे म्हटल्यावर दिल्यासारखं. अठरा वर्षं मिस्त्री या दोन शब्दांसाठी भिंतीवर डोकं आपटत होता, आणि ते इतके स्वस्त निघाले.

"होतास ना? मग?"

"मग काय? मला खरंच आठवत नव्हतं रे. खिशात हात मारला, काहीतरी लागलं. चौकशीच्या खोलीत तार टेबलावर ठेवली तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि त्याच क्षणी त्याने मला विचारलं. पाचावर धारण बसली. तोंडातून निघालं ते निघालं."

"दुसऱ्या दिवशी जाऊन सांगायचंस."

"दुसऱ्या दिवशी तर आणखी अवघड होतं. खोटं बोललो हेही सांगावं लागलं असतं." उंटाने नाक पुसलं. "पोरं लहान होती माझी."

"माझी काय म्हातारी होती?"

"तसं नाही रे."

"मग कसं?"

उंट खालच्या पायरीवर बसला. "तुला काय हवंय आता? परवाना? ती कचेरीसुद्धा राहिली नाही. तिथे आता पलंग विकतात."

"तिला सांग. जेवताना, तिच्यासमोर. तुझ्या तोंडाने."

"वहिनीला?" उंटाला खरंच नवल वाटलं. "तिला ठाऊक नाही? मला वाटलं तू सांगितलं असशील."

"मी सांगितलं. ती मला माफ करते."

उंटाने मान हलवली, बराच वेळ हलवत राहिला. मग म्हणाला, "एवढंच ना? सांगतो. त्यात काय? आधीच म्हणाला असतास तर आधी सांगितलं असतं." आणि वर, "नऊ वर्षं मी बोलावतोय, तूच येत नव्हतास!"

मिस्त्रीच्या हातात पाना होता. तो त्याने पेटीत ठेवला, जरा जपूनच. तुकडा घासून साफ केला, पत्ती थोडी वाकवली, दार मिटून बघितलं. मग जंपर काढला आणि सवयीने तळहात पुढे केला. "माझा एक." उंट खिडकीबाहेर तळ्याकडे बघत होता.

लिफ्ट चालू झाली. उंटाची बायको राणीसारखी खाली उतरली, बायकोने टाळ्या वाजवल्या. "बघा," ती उंटाच्या बायकोला म्हणाली, "हात अजून तसाच आहे यांचा." आणि मग हळू आवाजात, पण मिस्त्रीला ऐकू जाईल इतपत, "एकदा घडलं म्हणून काय माणूस वाईट होतो?"

दीड वाजता चौघं जेवायला बसली. टेबल खिडकीशी होतं. तळलेला मासा, बटाटे, भात. मिस्त्रीने ताटातला मासा नुसता उकरून ठेवला होता. उंट मात्र मन लावून काटे काढत होता. मिस्त्रीने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दाबला.

उंटाने घसा खाकरला. "वहिनी, एक सांगायचं होतं."

"सांगा की."

"ती शिंपीणबाईची भानगड. ती तार माझ्या हातून राहिली होती. याने मला दिली होती, मी लावली आणि विसरलो. चौकशीत मी खोटं बोललो. याची चूक नव्हती."

बोलला. शब्द न् शब्द बोलला. मिस्त्रीचे कान गरम झाले. त्याने बायकोकडे बघितलं, एखादा पोरगा निकालाच्या फळ्याकडे बघतो तसं.

बायकोने हातातला घास ताटात ठेवला. तिचा चेहरा लाल झाला होता, पण त्याने मनात रंगवला होता तसा नाही.

"भाऊजी, पुरे."

"नाही वहिनी, खरंच..."

"मला कळत नाही का? दोघं तास न् तास त्या जिन्याखाली कुजबुजत होतात. यांनी तुम्हाला गळ घातली. आणि तुमचा स्वभाव असला. मित्रासाठी स्वतःच्या तोंडाला काळं फासून घ्यायला तयार झालात." तिने ताट बाजूला सारलं. "त्या दिवशीही तुम्हीच रडत आला होतात आमच्याकडे. आपलं काही नसताना. विसरले नाहीये मी."

"अगं, तो खरं सांगतोय!" मिस्त्री ओरडला.

"तुम्ही गप्प बसा! लाज वाटायला हवी. त्यांच्या घरात, त्यांच्या टेबलावर, त्यांच्या बायकोसमोर त्यांच्याकडून असलं वदवून घेता? याच्यासाठी निघालात होय एवढ्या लगबगीने? मी वेडी, मला वाटलं माणसाला माणसांची ओढ लागली."

"उंटा, बोल!"

"वहिनी, मी खरं तेच सांगितलं," उंट म्हणाला. पण ते म्हणतानाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. मिस्त्रीने ते स्पष्ट बघितलं. दारात अडकलेल्या माणसाला मागचं दार उघडं दिसावं तसं झालं. उंटाने सुस्कारा टाकला, एक बटाटा वाढून घेतला आणि म्हणाला, "जाऊ दे आता. जुनी गोष्ट."

"जाऊ दे काय? परत सांग!"

"सांगितलं की रे मी. तू म्हणालास तसं, तुझ्यादेखत. वहिनींना पटत नाही त्याला मी काय करू?"

आणि यावर बोट ठेवायला जागा नव्हती. मागितलं ते मिळालं होतं. मिस्त्री उंटाच्या बायकोकडे वळला. ती ताटातल्या भाताचे ढीग करत होती, मोडत होती. पहिल्या वाक्याला तिने मान वरही केली नव्हती. नवऱ्याच्या तोंडून असलं काही पहिल्यांदा ऐकणारी बाई मान वर करते.

"तुम्हाला ठाऊक आहे," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही सांगा हिला."

"मला यातलं काही ठाऊक नाही, भाऊजी," ती म्हणाली. "मासा गार होतोय."

मिस्त्री उठला. चार दिवस राहायचं म्हणून आले होते. त्याने आवारात जाऊन चाकांखालचे ठोकळे काढले, पाण्याची नळी गुंडाळली, खटके तपासले. बायको दारात उभी राहून हात जोडत होती. "मनावर घेऊ नका भाऊजी. यांचं हे असंच आहे. मनाला लागलंय ना, म्हणून कुणावर तरी टाकावंसं वाटतं." उंट म्हणत होता, "छे छे वहिनी, आपलाच माणूस आहे." आपलाच माणूस! आणि ते म्हणताना तो खरोखर मोठ्या मनाचा दिसत होता. कदाचित स्वतःलाही तसाच वाटत असेल. अठरा वर्षं एक बाई तुम्हाला देवमाणूस समजत असेल तर एखाद्या दुपारी तुम्ही होऊनही जाता.

गाडी रस्त्याला लागली. तळं डाव्या हाताला दिसत राहिलं, मग झाडांआड गेलं.

"मी रागावले नाहीये," बायको शेवटी म्हणाली. "मला वाईट वाटतं, एवढंच. तुम्ही आत कुढता. मी तर कधीच माफ केलं तुम्हाला. आता तुम्ही स्वतःला माफ करा."

"मी तुला केलेलं नाही," मिस्त्री म्हणाला.

"मला? मी काय केलं?"

"माफ केलंस."

ती वळून बघायला लागली. त्याची नजर रस्त्यावर होती.

"अठरा वर्षं," तो म्हणाला. "शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं. दर महिन्याला त्या बाईकडे कापड घेऊन जायचीस, ते कुणाचं पाप फेडायला? माझं? मी एकदा सांगितलं होतं तुला. एकदा. तू त्याला पाणी दिलंस आणि मला समजावलंस. आज त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तरी तुला तोच भला आणि मी खोटा. तो कबूल करतो तेव्हासुद्धा!"

ती बोलली तेव्हा आवाजात रडं नव्हतं. धोबीखान्यात मुकादमाशी बोलायची तो आवाज होता.

"बरं. धरून चालू की ते म्हणाले ते खरं आहे. तुम्ही काही केलं नव्हतं. पण मला तर तुम्हीच केलंय असं वाटत होतं ना? एका बाईचा पाय गेला तो माझ्या नवऱ्यामुळे, असं रोज वाटत होतं. तसं वाटत असतानाही मी राहिले. हे बघा." तिने हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर इस्त्रीचे जुने चट्टे होते. "ज्याची चूक नाही हे माहीत आहे अशा नवऱ्यापाशी कुणीही राहील. मी तुमची चूक आहे असं मानूनही राहिले. याला काहीच किंमत नाही?"

मिस्त्रीला तिचं म्हणणं कळलं. तो इतका ठोंब्या नव्हता. गाडी बाजूला घ्यावी, ते हात हातात घ्यावेत, आणि म्हणावं की आहे, जगात दुसऱ्या कशाला नसेल एवढी आहे. ते शब्द त्याच्याकडे होते. पण ते घशापर्यंत आले तेव्हा तिथे आधीच काहीतरी बसलेलं होतं, अठरा वर्षांचं, आणि ते हलायला तयार नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

बायकोने हात मागे घेतले आणि मांडीवर ठेवले. तिने परत विचारलं नाही. एक वळण गेलं, दुसरं गेलं. मागे कपाटात ताटल्या किणकिणल्या.

पुढे एक लहानसं गाव लागलं. "थांबवा जरा," ती म्हणाली. त्याने थांबवली. तिने पर्स घेतली, शाल घेतली आणि खाली उतरली. त्याला वाटलं तिला पाय मोकळे करायचे असतील. ती रस्ता ओलांडून वर्तमानपत्रांच्या दुकानापाशी गेली आणि तिने दुकानदाराला विचारलं, "शहराकडे जाणारी बस कुठे थांबते हो?"

काच खाली होती. मिस्त्रीला ते नीट ऐकू आलं. दुकानदाराने हात लांब करून दाखवलं आणि ती तिकडे चालायला लागली, न घाई करता, न मागे बघता. मिस्त्रीने दार उघडलं नाही. इंजिनही बंद केलं नाही.